पीट टाउनशेंडचा 'हू केम फर्स्ट' (१९७२): मागे राहून गेलेला अल्बम आणि नगरजवळची टेकडी

उत्तररात्र

इंग्लिश रॉकवर इथे अधूनमधून धागे निघतात. त्यात 'द हू' या बँडचा विषय आला की 'टॉमी', 'हूज नेक्स्ट' आणि 'क्वाड्रोफिनिया' या तीन अल्बमपाशीच सगळे थांबतात. बँडचा गिटारवादक आणि गीतकार पीट टाउनशेंडच्या एकल कामाबद्दल कुणी बोललंच तर १९८०च्या 'एम्प्टी ग्लास'बद्दल. तो अल्बम मोठा आहे यात वाद नाही. पण त्याच्या आठ वर्षं आधी आलेल्या 'हू केम फर्स्ट'बद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. खरं तर या अल्बमवर पहिला हक्क आपलाच आहे असं मला वाटतं, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. टाउनशेंडचा जन्म १९४५चा. १९६७च्या सुमारास माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्रामुळे त्याला नगरजवळच्या मेहेराबादचे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा यांची ओळख झाली. 'टॉमी'चं मुखपृष्ठ पुढे याच मॅकिनर्नीने केलं. अल्बमच्या श्रेयनामावलीत 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे, पण बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. 'बाबा ओ'रायली' या 'द हू'च्या गाण्याच्या नावातले 'बाबा' तेच, आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. स्टेजवर गिटार फोडणारा हा माणूस १९७०च्या आसपास घरी बसून मेहेरबाबांसाठी गाणी रेकॉर्ड करत होता.

ती गाणी आधी बाबांच्या अनुयायांपुरती निघाली. १९७० साली 'हॅपी बर्थडे' आणि १९७२ साली 'आय अ‍ॅम', अशा थोड्याच प्रती काढलेल्या दोन एलपी. अमेरिकेत त्यांच्या चोरट्या प्रती फिरू लागल्या, रेकॉर्ड कंपनीलाही त्यात रस वाटू लागला. तेव्हा टाउनशेंडने त्यातली काही गाणी घेतली, काही नवी घातली आणि रीतसर अल्बम काढला. तोच 'हू केम फर्स्ट'. त्याचं उत्पन्न बाबांच्या कामासाठी दिलं. मुखपृष्ठावर टाउनशेंड बॉयलर सूट घालून अंड्यांच्या राशीवर उभा आहे. आधी कोंबडी की आधी अंडं, हा तो प्रश्न.

यात एकूण नऊ गाणी आहेत, आणि त्यांची मांडणी बघण्यासारखी आहे. दुसरं गाणं 'इव्होल्यूशन' 'फेसेस' या बँडमधल्या रॉनी लेनचं, आणि गातोही तोच. तिसरं 'फॉरएव्हर्स नो टाइम अ‍ॅट ऑल' बिली निकल्स गातो, त्यातली बहुतेक वाद्यं केलेब क्वेने वाजवलीत. सहावं अमेरिकन गायक जिम रीव्ह्जचं १९६४चं लोकप्रिय गाणं, 'देअर्स अ हार्टएक फॉलोइंग मी'. ते मेहेरबाबांना आवडायचं, म्हणून इथे आलं. आठवं 'कंटेंट', ज्याचे शब्द मॉड केनेडी यांच्या कवितेचे आहेत. आणि शेवटचं 'परवरदिगार', खुद्द बाबांनी दिलेल्या प्रार्थनेवर बांधलेलं. म्हणजे पहिल्याच एकल अल्बमच्या अर्ध्याहून जास्त भागात शब्द, चाल किंवा आवाज दुसऱ्या कुणाचा आहे.

इंग्रजी समीक्षक याला विस्कळीतपणा म्हणत आले. 'लाइफहाऊस' या फसलेल्या प्रकल्पातली उरलीसुरली गाणी आणि मित्रांचे एकदोन तुकडे गोळा करून अल्बम केला, असा एकूण सूर. मला ते पटत नाही. आपल्याकडे भजनाला बसल्यावर काय होतं? बुवा एक अभंग म्हणतात, मग शेजारच्याकडे बघून मान हलवतात आणि पुढचा तो उचलतो. एखादी बाई कुठूनतरी ऐकलेलं पद म्हणते, चाल सिनेमाच्या वळणाची असली तरी कुणी अडवत नाही. शेवटी सगळे उभे राहून आरती करतात. या अल्बमची रचना अगदी तशी आहे. 'मी काय काय करू शकतो' हे दाखवायला काढलेला हा एकल अल्बम नाही. एकाच्या घरी जमलेली ही बैठक आहे. हे एकदा ध्यानात आलं की विस्कळीतपणाची तक्रार उरत नाही.

आता माझ्या दोन आवडत्या जागा सांगतो.

पहिली 'प्युअर अँड ईझी'. 'लाइफहाऊस' हा टाउनशेंडचा 'टॉमी'नंतरचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प. तो कोसळला आणि त्याच्या अवशेषांतून १९७१ साली 'हूज नेक्स्ट' उभा राहिला. 'प्युअर अँड ईझी' हे त्या प्रकल्पाचं मध्यवर्ती गाणं, पण नेमकं तेच 'हूज नेक्स्ट'मधून वगळलं गेलं. तिथे त्याची एकच खूण राहिली: 'द साँग इज ओव्हर' संपत येतं तेव्हा 'द हू'चा गायक रॉजर डाल्ट्री या गाण्याची पहिली ओळ गातो. ज्याला मूळ गाणं माहीत नाही त्याला ती ओळ कुठून आली ते कळत नाही. 'द हू'ची स्वतःची आवृत्ती १९७४ साली 'ऑड्स अँड सॉड्स'मध्ये आली. ती दणदणीत आहे. पण इथे, घरी केलेल्या आवृत्तीत, टाउनशेंड स्वतःच ड्रम वाजवतो आणि त्यात 'द हू'चा ड्रमर किथ मूनचा धबधबा नाही. ड्रम मागे राहून फक्त वाट दाखवतात. गाणं एका स्वराबद्दल आहे, मुळात असलेल्या, शुद्ध, सहज स्वराबद्दल. एवढ्या नाजूक गोष्टीबद्दलचं गाणं हळू आवाजातच जास्त खरं वाटतं.

दुसरी जागा अर्थातच 'परवरदिगार'. पावणेसात मिनिटांच्या आसपासचं गाणं. सुरुवात अकूस्टिक गिटारवर, आवाज अगदी जवळून. मग एकेक वाद्य येत जातं, आवाजावर आवाज चढतो, आणि एकटा माणूस पुटपुटत होता तिथे समुदाय उभा राहतो. ते सगळे आवाज त्या एकट्याचेच आहेत हे नंतर लक्षात येतं. 'तुला आदि नाही, अंत नाही, रंग नाही, रूप नाही' अशा ओळी एकामागून एक येतात. रॉकच्या चालीत एवढी विशेषणं बसवणं फार अवघड. चालीसाठी शब्द वाकवावा असा मोह कुणालाही होईल. तो मात्र लांब ओळ आली की चालच लांबवतो आणि शब्दाला त्याची जागा देतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बसच्या खिडकीशी होतो आणि माझा थांबा मागे गेला.

कुणी ऐकलाय का हा अल्बम?

टेप४

ऐकलाय, पण आवडला असं म्हणवत नाही. बैठकीचा मुद्दा सुंदर मांडलाय, त्याबद्दल आभार. तरी 'नथिंग इज एव्हरीथिंग' सहा मिनिटांहून लांब आहे आणि मध्ये तिथल्या तिथेच फिरत राहतं. तेच गाणं 'द हू'ने १९७१ साली 'लेट्स सी अ‍ॅक्शन' नावाने सिंगल म्हणून काढलं होतं. ते आटोपशीर आहे आणि अंगावर येतं. 'शेरेटन गिब्सन' तर मला दौऱ्यातल्या डायरीच्या एका पानापलीकडे काही वाटलं नाही. हॉटेलात बसलोय, कंटाळा आलाय, घर आठवतंय. पुढे काय?

'एम्प्टी ग्लास'मध्ये हाच माणूस हीच भक्ती घेऊन येतो. तिथे ती रक्तबंबाळ आहे, स्वतःशी भांडते आहे. 'लेट माय लव्ह ओपन द डोअर' हे खरं तर ईश्वराच्या तोंडचं गाणं, आणि ते अमेरिकेत ९व्या क्रमांकापर्यंत गेलं. भक्ती रेडिओवर पोहोचवणं मला जास्त मोठं वाटतं.

उत्तररात्र

टेप४, 'नथिंग इज एव्हरीथिंग'बद्दल मान्य. मधला भाग मलाही रेंगाळल्यासारखा वाटतो.

'शेरेटन गिब्सन'साठी मात्र भांडणार. ते सिनसिनाटीतलं हॉटेल होतं. बँड दौऱ्यावर, आदल्या शहरातल्या मित्रांकडचा छान दिवस संपलेला, आणि हा खोलीत गिटार घेऊन बसलाय. गिटारही गिब्सन आणि हॉटेलही गिब्सन, एवढ्यावर गाणं सुरू होतं. अडीच मिनिटांत संपतं. पुढे काय, असं तुम्ही विचारलंत. पुढे लगेच 'कंटेंट', म्हणजे समाधान, आणि त्यानंतर 'परवरदिगार'. आधी घराची ओढ, मग समाधान, मग प्रार्थना. हा क्रम आपोआप झालेला नाही असं मला वाटतं. 'शेरेटन गिब्सन' सुटं ऐकलं तर डायरीचं पान आहे, त्या जागी ऐकलं तर दार आहे.

आणि भक्ती रेडिओवर नेणं मोठं आहेच. पण इथे तो पस्तिशीचा, पोळलेला माणूस नाही. २७ वर्षांचा आहे आणि नुकताच कुणाच्या तरी प्रेमात पडलाय. १९७०च्या शेवटी त्याने 'रोलिंग स्टोन'मध्ये लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'मेहेरबाबांच्या प्रेमात' असे शब्द आहेत. प्रेमात पडलेला माणूस स्वतःशी भांडत नाही, दुसऱ्याला आवडलेलं गाणं शिकत बसतो. जिम रीव्ह्जचं गाणं तो ज्या सरळपणाने गातो त्यात मला हेच ऐकू येतं.

गंधार_नि

'प्युअर अँड ईझी'तल्या त्या स्वराबद्दल थोडी भर. 'लाइफहाऊस'च्या मागे टाउनशेंडचं सूफी वाचन होतं, विशेषतः इनायत खान यांचं नाद आणि सृष्टी या विषयावरचं लेखन. सगळं विश्व एका कंपनातून आलं, प्रत्येक माणसाचा आपला एक स्वर आहे, ही कल्पना तिथली. इनायत खान १८८२ साली बडोद्यात जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात संगीतशाळा चालवत. म्हणजे मराठी दरबाराच्या छायेत वाढलेल्या घराण्यातला विचार लंडनच्या कडेला, ट्विकनहॅममध्ये, एका रॉक गिटारवाल्याच्या हातात पडला.

दुसरं असं, की मी तंबोऱ्यावर गायला बसते. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं जुळवण्यातच जातात. जव्हारीवर धागा सरकवायचा, षड्ज लागतोय का ऐकायचं. जुळला की त्या आवाजाच्या आत आणखी एक स्वर आपोआप बोलायला लागतो. गंधार. तो कुणी छेडलेला नसतो. 'मुळात असलेला स्वर' म्हटल्यावर मला तोच आठवला. धागा वाचून काल रात्री गाणं दोनदा ऐकलं. शेवटी तो 'ऐका, ऐका' म्हणतोय असं वाटत राहतं आणि गाणं विरत जातं. सम गाठून थांबत नाही, फक्त आपल्याला ऐकू येईनासं होतं. मला हे फार आवडलं.

अबोली

रॉकमधलं मला काही कळत नाही, मेहेरबाबांचंही फक्त नाव ऐकलंय. ते मौन पाळायचे ना? मग प्रार्थना 'दिली' म्हणजे कशी? आणि 'परवरदिगार' हा शब्द इराणी बाबांकडे कसा?

माळढोक

अबोलीताई, मी सांगतो. आमचं गाव अरणगावच्या जवळ, मेहेराबाद तिथेच.

बाबांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४चा, पुण्यातला, इराणी झरतुष्ट्री कुटुंबात. नाव मेरवान शेरियार इराणी. शिकले सेंट व्हिन्सेंटमध्ये आणि डेक्कन कॉलेजात. १९१३ साली पुणे कॅम्पात हजरत बाबाजान यांची भेट झाली आणि सगळं बदललं. बाबाजान तेव्हा झाडाखाली बसत, त्यांचा दर्गा आजही तिथे रस्त्याच्या कडेला आहे. पुढे साकोरीच्या उपासनी महाराजांपाशी राहिले. शिर्डीचे साईबाबा, केडगावचे नारायण महाराज, नागपूरचे ताजुद्दीनबाबा हेही त्यांच्या पाच सद्गुरूंत येतात. यादी बघा, सगळी आपल्याच मातीत राहिलेली माणसं, त्यात मुसलमानही आणि हिंदूही. त्यामुळे त्यांच्या प्रार्थनेत परवरदिगार, परब्रह्म, अल्ला, अहुरमज्द ही नावं शेजारी शेजारी येतात. परवरदिगार म्हणजे पालनहार. फारसी शब्द, उर्दूतून आपल्याकडे आलेला.

मौन १० जुलै १९२५ला धरलं ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत. आधी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून सांगत, १९५४पासून तीही सोडली आणि नुसत्या खुणा उरल्या. ही प्रार्थना १९५३ची, म्हणजे फळीच्या काळातली.

'इव्होल्यूशन'बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्यातला दगडापासून माणसापर्यंतचा प्रवास बाबांच्या शिकवणुकीतला आहे: दगड, धातू, वनस्पती, कीटक, मासा, पक्षी, पशू आणि मग माणूस. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनी म्हणतात, त्याच वाटेवरचं. रॉनी लेनने ते आधी 'फेसेस'च्या पहिल्या अल्बममध्ये 'स्टोन' नावाने केलं होतं. एवढा मोठा विषय, आणि तो गातो कसा, तर पारावर गोष्ट सांगावी तसा. कुठेही जड होत नाही. आमच्याकडचे जुने कीर्तनकार पूर्वरंगातला अवघड भाग असाच हसत सांगत.

टेप४

रॉनी लेनचं नाव निघालं ते बरं झालं. तोही बाबांचा. टाउनशेंडबरोबर त्याने १९७७ साली 'रफ मिक्स' केला, तो माझ्या अत्यंत आवडत्या अल्बमांपैकी. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसने त्याचं शरीर हळूहळू थकत गेलं आणि १९९७ साली तो गेला. 'हू केम फर्स्ट'ची २०१८ची वाढीव आवृत्ती माझ्याकडे आहे. तिचा शेवट टाउनशेंडने लेनच्या स्मृतिमैफलीत गायलेल्या 'इव्होल्यूशन'ने होतो. मूळ अल्बमवर मित्राला दिलेलं गाणं, मित्र गेल्यावर याने स्वतः गायलं. उत्तररात्र, तुमचा बैठकीचा मुद्दा मला तिथे पटला. तिथे खरंच पुढच्याने पद उचललंय.

उत्तररात्र

टेप४, हे मी असं जोडून पाहिलंच नव्हतं. आता ती ध्वनिमुद्रिका नव्याने ऐकतो.

त्याच आवृत्तीत 'ड्राउन्ड'चं भारतातलं थेट ध्वनिमुद्रण आहे. 'क्वाड्रोफिनिया'तलं गाणं, फक्त गिटार आणि आवाज. थेंबाला समुद्रात बुडून जायचंय, ही त्यातली ओढ. लंडनच्या भल्यामोठ्या सभागृहांत हजारोंपुढे गायलेलं हे गाणं इथे गाताना त्याचा आवाज किती मोकळा लागलाय ते ऐका.

नव्याने ऐकणाऱ्यांना एक विनंती: वाढीव आवृत्ती मिळाली तरी आधी मूळची नऊ गाणीच सलग ऐका. पुरवणीतलं चांगलं आहे, 'बिगिन द बिगीन' तर आहेच आहे. बाबांचं ते आवडतं गाणं त्यांना समाधी दिली तेव्हा वाजवलं गेलं होतं. पण बैठक 'परवरदिगार'वर उठते. त्यानंतर दोन मिनिटं दुसरं काही लावू नका.

माळढोक, टाउनशेंड १९७२ साली मेहेराबादला येऊन गेला. मी अजून गेलेलो नाही. कशी आहे जागा?

माळढोक

नगरहून दौंडच्या रस्त्याने निघालात की अरणगाव. रस्ता आणि रेल्वे मधून जातात, एका बाजूला खालचं मेहेराबाद, दुसऱ्या बाजूला टेकडी. चढ फारसा नाही. माळरान, कडुनिंब, वारा. समाधीची इमारत अगदी लहान आहे. वर घुमट, आणि छताच्या चार कोपऱ्यांवर चार धर्मांच्या खुणा: देऊळ, मशीद, क्रूस आणि अग्निपात्र. आत भिंतींवर हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने काढलेली चित्रं आहेत. एकेकाने आत जायचं, डोकं टेकवायचं आणि बाहेर यायचं. सकाळ-संध्याकाळ आरतीला गावातली माणसं असतात, इराणी असतात, आंध्रातली असतात, गोरे तर पूर्वीपासूनच. आरती झाली की कुणीही आपलं गाणं म्हणतं. कुणी गिटारवर, कुणी पेटीवर, कुणी नुसतंच. 'आता तू म्हण' असं खुणेने सांगतात. उत्तररात्र, तुम्ही न बघताच बरोबर लिहिलंय.

३१ जानेवारीला अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, या. दुपारी बाराला सगळा डोंगर पंधरा मिनिटं गप्प होतो. एवढी हजारो माणसं, आणि फक्त मंडपाचं कापड वाऱ्याने वाजतं.

अबोली

काल रात्री नऊही गाणी ऐकली. इंग्रजी सगळं कळलं नाही. 'परवरदिगार' मात्र तिसऱ्यांदा ऐकताना शब्द सुटे होत गेले. आदि नाही, अंत नाही, रंग नाही, रूप नाही. हे तर 'नेति नेति'. आजी संध्याकाळी तुळशीपाशी म्हणायची त्यातही असंच एकेक 'नाही' यायचं. मग 'नाही' संपून 'आहेस' सुरू होतं, सगळीकडे आहेस, सगळ्यात आहेस, आणि नेमके तिथेच मागचे आवाज वाढतात. हे त्याने मुद्दाम केलंय का?

गंधार_नि

अबोली, +१. मुद्दाम असो नसो, जागा तीच आहे. मीही तिथेच थांबले होते.

माळढोक

मला हे गाणं आहे हे माहीत होतं, पण घरात कधी लावलं नव्हतं. धागा वाचून आज सकाळी स्वयंपाकघरात फोनवर लावलं. आई भाकऱ्या करत होती. तिला इंग्रजी येत नाही, प्रार्थना मात्र मराठीतून सगळी पाठ, लहानपणापासून. पहिल्यांदा 'परवरदिगार' ऐकलं तेव्हा तिने विचारलं, 'कोण म्हणतंय?' म्हटलं, लंडनचा आहे, बाबांचाच. तिने तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, हात पुसले आणि ओट्यापाशी हात जोडून उभी राहिली. प्रार्थना चालू असताना दुसरं काही करायचं नसतं. गाणं लांबलं तशी मला वाटलं बसेल, गुडघे दुखतात तिचे. बसली नाही. संपल्यावर फोनकडे बघून 'जय बाबा' म्हणाली आणि गॅस पुन्हा पेटवला.